कारागृहातून सुटका आणि औषधोपचाराचे सातत्य

कारागृहात असलेल्या व्यक्तीच्या प्रकृतीची जबाबदारी शासनाची असते. १८९४ च्या कारागृह अधिनियमातील कलम २६ मध्ये या संबंधात एक फारशी चर्चिली न गेलेली तरतूद आहे. तीव्र वा धोकादायक आजार असलेल्या बंद्यास त्याच्या इच्छेविरुद्ध सोडता येत नाही. सुटका सुरक्षित आहे, असे वैद्यकीय अधिकाऱ्यांचे मत व्हावे लागते. मात्र ही काळजी फाटकापर्यंतचीच. क्षयरोगाच्या औषधांचा चौथा महिना चालू असलेला, हिंडता-फिरता बंदी या तरतुदीत बसत नाही.

अहिल्यानगर (२०२४ पर्यंतचा अहमदनगर) जिल्ह्यात श्रीगोंदे तालुक्यातील विसापूर येथे कारागृह आहे. तेथून सुटलेली व्यक्ती अकोले तालुक्यातील असल्यास तिचे गाव शंभर किलोमीटरहून अधिक दूर. शिक्षा पुरी करणाऱ्याची सुटकेची तारीख आधी ठाऊक तरी असते. पण २०२२ च्या राष्ट्रीय आकडेवारीनुसार देशातील दर चार बंद्यांपैकी सुमारे तीन न्यायाधीन, म्हणजे कच्चे कैदी होते. जामिनाचा आदेश पोहोचला की सुटका. चिठ्ठी लिहिण्यास आणि गोळ्या बांधून देण्यास अवधी कुठला?

हा काळ किती नाजूक असतो, हे अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्याच्या २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने दाखविले. सुटकेनंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत मृत्यूचा धोका इतर रहिवाशांच्या जवळजवळ १३ पट आढळला. तेथे अमली पदार्थांची अतिमात्रा हे प्रमुख कारण होते. आपल्याकडील कारणे निराळी असू शकतील. कॅलिफोर्नियाला सुटकेपूर्वी ९० दिवसांपासून बंद्यांना सार्वजनिक आरोग्य योजनेतून काही सेवा देण्याची परवानगी २०२३ मध्ये मिळाली.

आपल्याकडे साधनांची वाण नाही. क्षयरोगाची औषधे विनामूल्य मिळतात, ‘निक्षय’ प्रणालीत रुग्णाची नोंद एका केंद्राकडून दुसऱ्याकडे वर्ग करता येते, आणि नोव्हेंबर २०२४ पासून पोषणासाठी दरमहा १,००० रुपये देय आहेत. एचआयव्हीबाधितांचे औषधकेंद्रही बदलून घेता येते. राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांतील उपचार १५ ऑगस्ट २०२३ पासून निःशुल्क झाले. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबास वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आहे. तथापि ते मुख्यतः रुग्णालयात दाखल होऊन घ्यावयाच्या उपचारांसाठी, आणि त्यासाठी शिधापत्रिका व ओळखपत्र लागते. दीर्घकाळ घरी नसलेल्याचे नाव शिधापत्रिकेतून कमी झाले असेल, तर हे संरक्षण ऐन वेळी अडते. म्हणून नावाची चौकशी सुटकेपूर्वीच होणे इष्ट.

खरी उणीव एका कागदाची आहे. आजार, औषध व मात्रा, शेवटचा डोस, नोंदणी क्रमांक आणि पुढील केंद्र एवढा मजकूर पुरे. गुन्ह्याचा उल्लेख त्यात असण्याचे कारण नाही. कारागृहाचा ठळक शिक्का असलेली चिठ्ठी गावच्या आरोग्य केंद्रात दाखविण्यास माणूस कचरतो. कच्च्या कैद्यांबाबत ही चिठ्ठी उपचार सुरू होतानाच तयार ठेवून दरमहा सुधारली, तर जामिनाची घाई आड येणार नाही. मनोरुग्णांच्या बाबतीत तर ती अधिकच निकडीची, कारण औषध खंडित झाल्याचे प्रथम कुटुंबासच सोसावे लागते.

गावातील शेवटचे पाऊल कोणी टाकावे, याचे उत्तर याच जिल्ह्यातील जामखेडने दिले आहे. डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये तेथे प्रकल्प सुरू केला आणि गावातीलच स्त्रियांना आरोग्याचे शिक्षण दिले. आज गावोगावी आशा कार्यकर्ती आहे. रुग्णाच्या संमतीने तिला त्याच्या येण्याची वर्दी मिळाली, तर पाचव्या महिन्याच्या गोळ्या चुकण्यापूर्वी ती त्याच्या दारी पोहोचू शकेल.