गाडीला कसलं आलंय टेन्शन?

मैत्रिणींनो, आज गावोगावी कितीतरी जणींचं पोट व्हॅनवर चालतं. कुणी शाळेची मुलं ने-आण करते, कुणी बचत गटाचे पापड-लोणची तालुक्याच्या बाजारात पोचवते, तर कुणी डबे. गाडी एक दिवस बंद राहिली तर त्या दिवसाची कमाई जाते आणि गिऱ्हाईकाचा विश्वासही डळमळतो. म्हणूनच सकाळी गाडी सुरू करताना बोनेटखालून किंवा सीटखालून ‘क्वींऽऽ’ असा कर्कश आवाज यायला लागला, की ‘होईल बंद आपोआप’ म्हणून कानाडोळा करू नका.

हा आवाज बहुतेक वेळा पट्ट्याचा असतो. गॅरेजमध्ये त्याला ‘फॅन बेल्ट’ नाहीतर नुसतंच ‘बेल्ट’ म्हणतात. आपल्या पायाच्या शिलाई मशीनचा पट्टा आठवा. खालच्या मोठ्या चाकाची गती तो वरच्या चाकाला देतो. सैल झाला की घसरतो आणि मशीन नीट चालत नाही. मग आपण तो थोडा कापून पुन्हा आकडा लावतो. गाडीतही तसंच. इंजिनच्या फिरत्या दांड्यावरून हा रबरी पट्टा निघतो आणि बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर, एसी, काही गाड्यांत पॉवर स्टीअरिंग आणि बऱ्याच गाड्यांत इंजिन थंड ठेवणारा पाण्याचा पंप यांना फिरवतो.

पट्टा ताणलेला राहावा यासाठी जुन्या पद्धतीच्या गाड्यांत अल्टरनेटर थोडा सरकवून बोल्ट आवळतात. नव्या पद्धतीच्या अनेक गाड्यांत मात्र स्प्रिंग असलेला दांडा आणि त्यावर एक फिरती पुली असते. तोच टेन्शनर! पट्ट्याचं सगळं टेन्शन बिचारा तो घेतो. स्प्रिंग थकली किंवा पुलीचं बेअरिंग झिजलं, की तो कुरकुरायला लागतो.

आवाज ओळखा

ओम्नी, ईकोसारख्या गाड्यांत इंजिन पुढच्या सीटखालीच असतं. त्यामुळे आवाज चालवणारीलाच सगळ्यात आधी कळतो. थोडं कान देऊन ऐका.

* थंड गाडी सुरू करताना, दमट हवेत किंवा दिवे-एसी लावल्यावर लांब किंचाळी येते? पट्टा घसरतो आहे. तो सैल झाला असेल, गुळगुळीत झाला असेल किंवा त्यावर तेल-पाणी पडलं असेल.
* चिमणीसारखा ‘चिक्‌-चिक्‌’ असा तालात आवाज येतो? पट्टा झिजला असेल किंवा एखादी पुली रेषेत नसेल.
* जात्यासारखी घरघर येते आणि गाडी रेस केली की वाढते? टेन्शनरच्या किंवा दुसऱ्या एखाद्या पुलीच्या बेअरिंगकडे संशयाने बघा.

मिस्त्रीकडे जाताना ‘गाडी आवाज करते’ एवढंच सांगू नका. कधी येतो, कसा येतो, एसी लावल्यावर वाढतो का, हे सगळं सांगा. ‘ताई, साहेबांना पाठवा’ असं तो म्हणालाच, तर ठामपणे सांगा, ‘गाडी मी चालवते, मलाच सांगा.’

काय बघायचं, काय टाळायचं

इंजिन बंद करा, गार होऊ द्या, किल्ली काढून स्वतःजवळ ठेवा. मग बॅटरीच्या उजेडात पट्टा बघा. कडा उसवल्या आहेत, भेगा पडल्या आहेत, आतल्या बाजूच्या रेघांचे तुकडे निघाले आहेत, तर बदलायची वेळ झाली. पण हल्लीच्या चांगल्या पट्ट्यांना सहसा भेगा पडत नाहीत. त्यांच्या आतल्या खाचा हळूहळू झिजतात, म्हणून वरून ठीक दिसणारा पट्टाही मिस्त्रीकडून तपासून घ्या. किती किलोमीटरला बदलायचा, हे गाडीसोबत मिळालेल्या पुस्तकात बघता येतं.

इंजिन चालू असताना मात्र तिथे वाकायचं नाही. पदर, ओढणी, वेणी, गळ्यातलं काहीही एका क्षणात ओढलं जाऊ शकतं. ते काम मिस्त्रीचं. जाणकार मिस्त्री चालत्या पट्ट्याच्या रेघांवर लांबून किंचित पाणी फवारून बघतो. आवाज क्षणभर थांबून परत आला, तर पुल्या रेषेत नसाव्यात. पाण्याने आवाज उलट वाढला, तर पट्टा घसरतो आहे, म्हणजे ताण कमी पडतो आहे.

साबण, पावडर, ग्रीस किंवा आवाज बंद करणारा स्प्रे, यातलं काहीही पट्ट्यावर लावू नका. दोन दिवस शांतता मिळते, पण खरं दुखणं तसंच राहतं आणि तेलाने रबर खराब होतं. पट्टा वाजवीपेक्षा जास्त आवळणंही वाईटच, त्याने अल्टरनेटर आणि पाण्याच्या पंपाचं बेअरिंग जातं.

काम करून घेताना

नवा पट्टा घातला आणि आठ दिवसांत आवाज पुन्हा सुरू झाला, असं पुष्कळदा होतं. कारण टेन्शनर जुनाच असतो. म्हणून पट्टा काढला की सगळ्या पुल्या हाताने फिरवून बघायला सांगा. पुली खरखर न करता, न डुलता फिरली पाहिजे आणि टेन्शनरचा दांडा न अडकता हलला पाहिजे. तो थकला असेल, तर दोन्ही एकदमच बदला. मजुरी एकदाच पडते. तेल किंवा पाणी गळत असेल, तर आधी ती गळती बंद करा, नाहीतर नवा पट्टाही वाया जाईल.

जुना पट्टा काढण्याआधी तो कोणत्या पुलीवरून कसा गेला आहे, याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. खर्चाचा अंदाज आधी विचारा, काढलेले भाग परत मागा आणि बिल घ्या. त्यात संकोच कसला?

आणि रस्त्यात पट्टा तुटलाच तर? बॅटरीचा लाल दिवा लागतो. पट्ट्यावर चालणारं पॉवर स्टीअरिंग असेल, तर ते एकदम जड होतं. पाण्याचा पंप त्याच पट्ट्यावर असेल, तर तापमानाचा काटा भराभर चढतो. अशा वेळी ‘गाव दोन किलोमीटरवर तर आहे’ म्हणून गाडी दामटू नका, इंजिन निकामी होऊ शकतं. घाबरू नका, स्टीअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरून गाडी कडेला घ्या, इंजिन बंद करा, मुलांना रस्त्यापासून दूर उभं करा आणि मिस्त्रीला तिथेच बोलवा. गरम रेडिएटरचं झाकण उघडू नका.

तेव्हा या रविवारी दहा मिनिटं काढा. मिस्त्रीचा नंबर मोबाइलमध्ये आहे ना, गाडीचं पुस्तक जागेवर आहे ना, ते बघा. आणि सोमवारी गाडी सुरू कराल, तेव्हा रेडिओ लावण्याआधी मिनिटभर इंजिन ऐका!