खेळासाठी अर्धसिद्ध संगणक : रचनेची पारख

‘बेअरबोन्स’ म्हणून जो संगणक विकतात, तो विकत आणून लागलीच चालू करता येत नाही. पेटी, वीजपुरवठ्याचा संच, मुख्य फलक आणि कित्येकदा प्रोसेसर एवढेच त्यात येते. रॅम, साठवणीची एसएसडी, विंडोजसारखी प्रणाली व ग्राफिक्स कार्ड ही ग्राहकाने निराळी घ्यावयाची असतात. मुलाच्या हट्टास्तव पेटीवरील किंमत पाहून होकार देणाऱ्या पालकांनी हा पुढचा खर्च आधी मांडून पाहावा.

परीक्षणासाठी आम्ही इंटेल कंपनीचा 2020 सालचा ‘एनयूसी 9 एक्स्ट्रीम’ हा संच घेतो. त्याची पेटी 238 मिलिमीटर लांब, 216 रुंद व 96 जाड. म्हणजे आकारमान अवघे 5 लिटर. एवढ्या जागेत 500 वॉटचा वीजपुरवठा बसविला आहे. प्रोसेसर, रॅमच्या खाचा आणि त्यांचा पंखा हे सर्व एकाच कार्डावर असून ग्राफिक्स कार्ड त्याच्या शेजारी बसते. बाजूंच्या जाळीतून थंड हवा आत येते आणि माथ्यावरील दोन पंखे तापलेली हवा, धुराड्यातून धूर जावा तशी, वर फेकतात. हवेचा मार्ग असा आखूड व सरळ ठेवणे हे ह्या रचनेतील खरे कौशल्य होय, असे आमचे मत आहे. (जाळीतून धूळही शिरते, ती वेळोवेळी झाडावी लागते.)

मात्र खेळातील चित्रे वेगाने रेखाटण्याचे मुख्य काम ग्राफिक्स कार्डाचे, आणि येथे 8 इंचांहून लांब कार्ड मावत नाही. अतिशय शक्तिमान कार्डे बहुधा ह्याहून लांब असतात. तेव्हा कोणता खेळ किती सफाईने चालेल, हे प्रोसेसरपेक्षा पेटीच अधिक ठरविते. प्रोसेसरही लॅपटॉपच्या जातीचा, 45 वॉटचा आहे.

प्रोसेसरचे कार्ड काढून नवे घालता येईल, ही सोय प्रथमदर्शनी मोहक वाटते. परंतु प्रोसेसर त्या कार्डास डाखून जोडलेला असल्यामुळे तो एकटा बदलता येत नाही, आणि तसे कार्ड एकाच कंपनीकडून यावयाचे. 2023 साली इंटेलने ह्या यंत्रांच्या धंद्यातून अंग काढून घेतले व तो एसूस कंपनीकडे गेला. उलट 17 सेंटिमीटर चौरस ‘मिनी-आयटीएक्स’ फलक अनेक कंपन्या बनवितात. एकीने हात आखडता घेतला तरी दुसरीचा फलक त्याच पेटीत बसतो. दीर्घकाळ वापरावयाचे असेल तर आम्ही अशाच पेटीच्या बाजूने कौल देऊ.

लहानपणाचा मोह खुद्द निर्मात्यांनाही पुढे आवरावा लागला. 2021 सालच्या ‘एनयूसी 11 एक्स्ट्रीम’मध्ये 12 इंची कार्ड मावावे म्हणून पेटी 8 लिटरची झाली, वीजपुरवठा 650 वॉटवर गेला; आणि 2022 अखेरच्या ‘एनयूसी 13 एक्स्ट्रीम’ची पेटी तर जवळजवळ 14 लिटरची निघाली.