जड मोटारसायकल पडल्यास एकट्याने कशी उभी करावी?

पावसाळ्यात चोर्ला किंवा अनमोड घाटातील वळणावर वाहून आलेली माती, शेवाळलेली कड किंवा सुटी खडी असली की चाक घसरण्यास क्षण पुरतो. वेग कमी असेल तर चालक बहुधा खरचटण्यावर निभावतो. पण आडवी झालेली गाडी उभी करण्याचा प्रश्न उरतोच. रॉयल एनफिल्डच्या ‘क्लासिक ३५०’चे वजन सुमारे १९५ किलो आहे. अशी गाडी घाईघाईने, कंबरेत वाकून ओढली जाते आणि पडताना न झालेली दुखापत उचलताना पाठीला होते.

वास्तविक एवढे वजन हातांनी पेलायचे नसतेच. पेटीचे झाकण उघडताना बिजागरी जागेवर राहते, तशी गाडीची चाके जमिनीवरच राहतात आणि त्यांच्या आधाराने ती कलत कलत उभी होते. त्यासाठी लागणारा जोर मांड्यांच्या स्नायूंनी द्यावा; पाठीचे काम केवळ ताठ राहण्याचे.

गाडीला हात लावण्यापूर्वी स्वतःला कोठे लागले आहे का, हे पाहावे आणि मागून येणारी वाहने आपल्याला दुरून दिसतील याची खात्री करावी. इंजिन व चावी बंद करावी. जुन्या गाडीला पेट्रोलचा कॉक असल्यास तोही बंद करावा. पेट्रोल सांडले असेल तर जवळपास कोणी विडी-सिगारेट पेटवू नये. सामान उतरवावे, पायाखालची खडी बाजूला सारावी आणि शक्य असल्यास गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकावी, म्हणजे चाक घरंगळत नाही.

गाडी उजव्या अंगावर पडली असेल, तर साइड स्टँड आधीच उघडून ठेवावा. गाडी उभी होता होता पलीकडे कलली, तर ती त्या स्टँडवर तोलली जाते. डाव्या अंगावर पडलेल्या गाडीचा स्टँड खाली दबलेला असतो. तो गाडी उभी झाल्यावर पायाने उघडावा लागतो.

आता हँडल ज्या बाजूला गाडी पडली आहे त्या बाजूला पूर्ण वळवावे. खालची मूठ त्यामुळे टाकीजवळ येते आणि हातात नीट बसते. गाडीकडे पाठ करून, गुडघे वाकवून, कंबरेखालचा भाग सीटच्या कडेला टेकवावा. एका हाताने ती मूठ व दुसऱ्या हाताने सीटखालची चौकट किंवा मागचा मजबूत दांडा धरावा. इंडिकेटर, प्लास्टिकचे भाग आणि तापलेला सायलेन्सर टाळावा. मान वर, पाठ सरळ आणि हात ताठ ठेवून पायांनी जमीन रेटत लहान लहान पावले मागे टाकावीत. सुरुवातीचा टप्पा सर्वांत कठीण असतो. गाडी वर येईल तसा भार कमी होत जातो. नेमक्या याच वेळी जोर आवरता घ्यावा, अन्यथा गाडी दुसऱ्या अंगावर कोसळते.

उतारावर अधिक सावधगिरी हवी. सीट उताराकडे आणि चाके चढाकडे असतील, तर गाडीचा भार उचलणाऱ्याच्याच अंगावर येतो. अशा वेळी गाडी आडवी असतानाच ओढून चाके उताराकडे फिरवावीत आणि मग अगदी सावकाश उचलावे. निसरड्या चिखलात पाय ठरत नसतील, तर ही पद्धत वापरू नये.

उभी केलेली गाडी लगेच सुरू करू नये. ब्रेक व क्लचचे दांडे, हँडल, आरसे तपासावेत. टायरवर किंवा ब्रेकच्या डिस्कवर तेल, पेट्रोल लागले असल्यास पुसावे. अनेक नव्या गाड्यांत गाडी पडताच इंजिन बंद करणारी यंत्रणा असते. तेथे चावी एकदा बंद करून पुन्हा चालू करावी लागते.

पाठीचे जुने दुखणे, हर्निया, गर्भारपण किंवा पडताना डोक्याला लागलेला मार असेल, तर गाडी उचलण्याचा प्रयत्नच करू नये. रस्त्याच्या कडेला सुरक्षित थांबून येणाऱ्या-जाणाऱ्याला हात दाखवावा. दुखापत असल्यास १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. वाकलेला दांडा गॅरेजमध्ये तासाभरात बदलून मिळतो. सरकलेला मणका मात्र महिनोन्‌महिने अंथरुणाला खिळवून ठेवू शकतो.