पाटीआधी कणीक

“डॉक्टर, हा अक्षर गिरवतच नाही!” साडेतीन वर्षांच्या मुलांच्या आया हमखास ही तक्रार आणतात. मनगटातली आठ हाडे जन्मतः कूर्चेचीच असतात. ती सगळी तयार व्हायला दहा-बारा वर्षे लागतात. बोटांची पकडही सावकाश येते. बघून गोल काढणे तिसऱ्या वर्षी जमते, त्रिकोण पाचव्याच्या सुमारास. मग ‘क’ची घाई कशाला? पोळ्या करताना त्याला कणकेचा गोळा द्या. मळताना, वळताना बोटांत बळ येते. ‘लांब-आखूड’ही तिथेच कळते. बोथट कात्रीने जुने वर्तमानपत्र कापू द्या (वाचून झाल्यावर हेही चालेल!). चिकटकामाला मणी, हरभरे मात्र इतक्या लहानांना देऊ नयेत. नाकात गेलेला हरभरा फुगतो. घरी पिनेने काढू नका. लगेच दवाखान्यात आणा.