वैनगंगेकाठचा खेळाडू कोणाचा?

आमच्या भंडारा जिल्ह्यातल्या एखाद्या चुणचुणीत पोराला ‘बाबा रे, तू कोणत्या संघाकडून खेळतोस?’ असे विचारून पाहा. तो चटकन उत्तर देणार नाही. उलट तुम्हांलाच विचारील, ‘कोणता खेळ? आणि शाळेकडून की कॉलेजकडून?’ त्याच्या या सावधपणाला कारण आहे. शालेय स्पर्धांत तालुका, जिल्हा, नागपूर विभाग अशा पायऱ्या चढत तो वर गेला, तर महाराष्ट्राच्या संघात बसतो. तोच कॉलेजात गेला की नागपूर विद्यापीठाचा होतो आणि पश्चिम विभागात मुंबई, पुणे, बडोद्याशी झुंजतो. तोच क्लबाचे क्रिकेट खेळू लागला की विदर्भाचा होतो. आणि क्रिकेटच्या लेखी विदर्भ पश्चिमेत नाहीच, तो मध्य विभागात, उत्तर प्रदेश, राजस्थान आणि रेल्वे यांच्या पंगतीला! कबड्डीत पुन्हा विदर्भ निराळा. आणि पायाशी फुटबॉल आला, की स्वारी परत महाराष्ट्रात दाखल.

मी याच जिल्ह्यातील एका महाविद्यालयात शारीरिक शिक्षणाचा शिक्षक होतो. 1978 साली गळ्यात शिट्टी अडकवली, ती 2013 साली उतरवली. या पस्तीस वर्षांत आमच्या विद्यापीठाच्या सीमा दोनदा बदलल्या, जिल्ह्याचे दोन तुकडे झाले, आणि प्रत्येक वेळी आमच्या पोरांचे सोबती आणि प्रतिस्पर्धी बदलून गेले. अशा प्रसंगी वृत्तपत्रांतून चर्चा होते ती परीक्षांची, पदवीवरच्या नावाची, कुलगुरूंच्या नेमणुकीची. मैदानावर काय झाले हे कोणी विचारत नाही. म्हणून हा प्रपंच.

थोडे मागे जायला हवे. नागपूर विद्यापीठ स्थापन झाले 1923 साली. तेव्हा भंडारा मध्य प्रांत आणि वऱ्हाडात होता आणि हे विद्यापीठ साऱ्या प्रांताचे होते. म्हणजे जबलपूरचे विद्यार्थी आणि अमरावतीचे विद्यार्थी एकाच छत्राखाली. 1935 साली रोहिंटन बारिया चषकाची आंतरविद्यापीठ क्रिकेट स्पर्धा सुरू झाली, तेव्हाही नागपूरचा पसारा एवढाच होता. 1946 साली सर हरिसिंग गौर यांनी सागरचे विद्यापीठ काढले आणि महाकोशलची हिंदी भाषक महाविद्यालये तिकडे गेली. मग 1956 ची राज्यपुनर्रचना आली. भंडारा मध्य प्रदेशातून उठून द्वैभाषिक मुंबई राज्यात आला आणि 1960 साली महाराष्ट्रात. घर तेच, शेतातली बांधी तीच, वैनगंगा तीच. राजधानी मात्र नागपूरहून मुंबईला गेली.

या उलथापालथीत खेळांच्या संस्था राज्यांच्या मागोमाग मुकाट्याने गेल्या असत्या, तर सारे सरळ झाले असते. पण तसे झाले नाही. क्रिकेटमध्ये मध्य प्रांत आणि वऱ्हाडाच्या जुन्या संघाची गादी विदर्भाने चालवली. 1957-58 च्या मोसमापासून विदर्भ स्वतःच्या नावाने रणजी करंडकात उतरला, आणि पुढे महाराष्ट्र राज्यात येऊनही त्याने ते नाव सोडले नाही. त्याच सुमारास शेजारी इंदूरला काय झाले पाहा! होळकर संघ म्हणजे त्या काळचा दरारा. त्याचा कर्णधार कर्नल सी. के. नायडू, मूळचा आमच्या नागपूरचा. या संघाने चार वेळा रणजी करंडक जिंकला. पण संस्थान विलीन झाले आणि 1954-55 च्या मोसमानंतर तो संघच नकाशावरून पुसला गेला. त्या मोसमात तो अंतिम फेरीत पोचला होता, हे विशेष! संघ हरला म्हणून मेला नाही. त्याच्या पायाखालचा नकाशा कोणीतरी गुंडाळून ठेवला.

आता माझ्या डोळ्यांदेखत घडलेले सांगतो. मी नोकरीला लागलो तेव्हा सारा विदर्भ नागपूर विद्यापीठात होता. त्यातच अमरावतीचे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ. वैद्य बंधूंनी 1914 साली उभारलेली ही संस्था. 1936 साली बर्लिनच्या ऑलिंपिकच्या वेळी तिच्या पथकाने हुतूतूसकट आपले देशी खेळ जगाला दाखवले. अशा ठिकाणी तालीम घेतलेली मुले आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत समोर आली, की आमच्या साकोली-तुमसरकडच्या पोरांचा अर्धा जीव आधीच खाली होई. माझी मुले ताकदीला कमी नव्हती. रोवणीच्या दिवसांत गुडघाभर चिखलात दिवसभर वाकणाऱ्याच्या मांड्या कशा असतात ते मुंबईकरांना काय सांगावे! पण ती खेळत मोकळ्या मातीत, अंदाजाने. अमरावतीकर खेळत शास्त्राने. पकड कोणी करायची, साखळी केव्हा आवळायची, हे त्यांना अंगवळणी पडलेले.

1983 साली अमरावती विद्यापीठ स्वतंत्र झाले. पश्चिम विदर्भ गेला आणि त्याबरोबर ते आखाडेही गेले. नागपूर विद्यापीठाच्या खेळाची एक बाजू लुळी पडली, असे तेव्हा आम्हां शिक्षकांत सर्रास बोलले जाई. आणि चषक मोजायचे तर त्यात तथ्य होते. पण माझ्या मनात दुसराच हिशेब होता. कबड्डीच्या संघात सात मैदानात आणि पाच राखीव, असे बारा जण. पूर्वी साऱ्या विदर्भातून विद्यापीठाचे बारा निवडले जात. आता त्याच प्रदेशातून चोवीस. मुलींचे आणखी तितकेच. खो-खो, व्हॉलीबॉल, मैदानी खेळ, प्रत्येकाचे असेच. कागदावर संघ दुबळा झाला, पण बाकावर बसण्याऐवजी खेळणाऱ्या मुलांची संख्या दुप्पट झाली. माझ्या दोन विद्यार्थ्यांना पुढच्या तीन वर्षांत विद्यापीठाचा ‘कलर’ मिळाला. त्यांतला एक तो कोट घालून धानाच्या मळणीवर बसलेला मी पाहिला आहे. थंडी होती म्हणून, असे तो म्हणाला.

हे सारे आपल्याकडचेच रडगाणे आहे असे वाचकांनी समजू नये. अमेरिकेत विद्यापीठांचा खेळ म्हणजे केवढा थोरला बाजार! तिथे विद्यापीठे आपापल्या परिषदा करून एकमेकांशी खेळतात. पॅसिफिक किनाऱ्यावरच्या विद्यापीठांची अशीच एक परिषद 1915 पासून चालत आलेली, अखेरीस बारा सभासदांची. 2024 साली ती मोडली. दूरचित्रवाणीचा पैसा दुसरीकडे अधिक मिळतो म्हणून बारांपैकी दहा विद्यापीठे उठून गेली. मागे उरली दोन, ओरेगन राज्य आणि वॉशिंग्टन राज्य. लॉस एंजेलिसची दोन विद्यापीठे ज्या परिषदेत गेली, तीत पार न्यू जर्सीचे विद्यापीठ आहे. म्हणजे जवळजवळ चार हजार किलोमीटरांचा पल्ला. आणि स्टॅनफर्ड, जे पॅसिफिकच्या काठी आहे, ते सामील झाले अटलांटिक किनाऱ्याच्या परिषदेत! आमच्या भंडाऱ्याचा मुलगा ‘मध्य विभागात’ खेळतो याचे हसू आलेल्यांनी हेही ध्यानात घ्यावे. फरक एवढाच की तिथे घरे फिरवली पैशाने, इथे फिरवली सरकारी अधिसूचनेने. हाल मात्र दोन्हीकडे सारख्याच मुलांचे. ज्यांच्या खेळाला प्रेक्षक आणि पैसा आहे त्यांचा प्रश्न नसतो. पोहणारी, धावणारी, व्हॉलीबॉल खेळणारी मुले परीक्षेच्या तोंडावर तो पल्ला तोडत असतात.

पुन्हा घरी येऊ. 1999 साली भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा निघाला. याचा आम्हांला थोडा चटका बसला. गोंदियाची कॉलेजे मोठी, मुले तयारीची, जिल्ह्याचा संघ त्यांच्यावर उभा असे. पण एका जिल्ह्याच्या संघाचे दोन झाले आणि अमरावतीच्या वेळचाच हिशेब लहान प्रमाणात पुन्हा मांडला गेला. विद्यापीठ दोघांचे एकच राहिले. 2005 साली त्याला राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचे नाव मिळाले.

खरा पेच पडला तो 2011 साली. गडचिरोलीला गोंडवाना विद्यापीठ स्थापन झाले आणि चंद्रपूर व गडचिरोली हे जिल्हे नागपूरपासून सुटले. चांगले झाले, असे मी तेव्हाही म्हणालो आणि आजही म्हणतो. सिरोंच्याच्या मुलीने निवडचाचणीसाठी साडेतीनशेहून अधिक किलोमीटर नागपूरला यावे, रात्रभर एसटीत आंबून सकाळी धावावे आणि शहरातल्या मुलींशी बरोबरी करावी, ही अपेक्षाच जुलमी होती. आता तिचे स्वतःचे विद्यापीठ तिला थेट आंतरविद्यापीठ स्पर्धेला पाठवते.

पण भंडाऱ्याचे काय? आम्ही नागपूरकडेच राहिलो. आमच्या दक्षिणेकडच्या लाखांदुरातून देसाईगंज-वडसा एसटीने पाऊण तासावर. मध्ये फक्त जिल्ह्याची शीव. माझ्या शेवटच्या वर्षांत लाखांदूरकडची एक मुलगी होती. चढाईला निघाली की समोरच्या साती जणी मागे सरत. तिची मामेबहीण वडशाकडे शिकायला. खेळात ती हिच्यापेक्षा एक पायरी खाली, हे ती स्वतःच हसत कबूल करी. 2012 साली आमची मुलगी नागपूरच्या चाचणीपर्यंत गेली आणि पहिल्या बारांत आली नाही. निवडीत खोट नव्हती, मी तिथे उभा होतो. रोज गादीवर सराव करणाऱ्या मुली तिच्यापुढे होत्या आणि हिने आयुष्यात गादी पाहिली ती त्या दिवशी. मामेबहीण मात्र विद्यापीठाच्या संघात निवडली गेली. कागद बोलतो तो एवढाच, की एक विद्यापीठाची खेळाडू आणि दुसरी कॉलेजची. महाराष्ट्रात सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंसाठी 5 टक्के जागा राखून ठेवलेल्या आहेत. तिथे पारख व्हायची ती प्रमाणपत्राची, चढाईची नव्हे.

मी तिच्या वडिलांना म्हटले, पुढच्या वर्षी हिला दोन महिने नागपूरला ठेवा, गादीवर हात बसेल. ते धान कापत होते. विळा न थांबवता म्हणाले, ‘सर, पोरीले नागपूरले ठेवाचं त ठेवाचं कोणाकडे? आन् इकडे कापणी कोन करल?’ विद्यापीठांच्या स्पर्धांचा हंगाम आणि आमच्या कापणीचा हंगाम एकच, हे ज्याने वेळापत्रक आखले त्याच्या ध्यानी कशाला येईल?

यावर कोणी सुचवील, भंडारा-गोंदियालाही निराळे विद्यापीठ द्या. मला तसे वाटत नाही. दर वेळी रेघ ओढली की पलीकडच्या चांगल्या प्रतिस्पर्ध्याला मूल मुकते, आणि प्रतिस्पर्ध्यावाचून खेळ वाढत नाही. विदर्भाच्या क्रिकेटचेच उदाहरण घ्या. साठ वर्षे मोठ्या संघांकडून मार खात तो टिकला. 1 जानेवारी 2018 रोजी इंदूरला होळकरांच्याच नावाच्या मैदानावर त्याने दिल्लीला हरवून पहिला रणजी करंडक उचलला. मार्गदर्शक होते मुंबईचे चंद्रकांत पंडित आणि संघात वसीम जाफर होता, तोही मुंबईचा. पुढच्याच वर्षी करंडक पुन्हा आला आणि 2024-25 मध्ये तिसऱ्यांदा. विदर्भाची रेघ राहिली म्हणून नागपूर-अमरावतीच्या मुलांना जागा मिळाल्या, आणि रेघेपलीकडून माणसे आणली म्हणून त्या जागांचे चीज झाले. दोन्ही हवे.

माझी मागणी त्यामुळे लहान आहे. नागपूर विद्यापीठाची एक निवडचाचणी भंडाऱ्याला, एक गोंदियाला व्हावी आणि ती कापणीआधी व्हावी. प्रत्येक तालुक्याच्या ठिकाणी एका कॉलेजात तरी कबड्डीची गादी असावी. आणि लाखांदूरच्या मुलींना वडसा-ब्रह्मपुरीच्या मुलींशी वर्षाकाठी चार सराव सामने खेळू द्यावेत. त्याला दोन विद्यापीठांच्या दोन सह्या लागतात, अधिक काही नाही.

एरवी आमच्याकडे हे सामने होतातच. भाऊबीज आटोपली की झाडीपट्टीत गावोगाव मंडई भरते. दिवसा जत्रा, रात्री दंडार, आणि कुठे कुठे दिव्यांच्या उजेडात कबड्डी. तिथे गोंदिया, वडसा, ब्रह्मपुरी, सारे येतात आणि विद्यापीठ कोणते हे कोणी विचारत नाही. गेल्या वर्षी आमच्या शेजारच्या गावी अंतिम सामना पहाटे सव्वातीनला संपला. जिंकलेला संघ बालाघाटकडचा होता.