पाणी येतं कुठून? जुन्या शिडाच्या बोटीची संथ गळती

मागच्या वेळी शिडांवर बोलताना मी ओघात म्हणालो होतो की माझ्या जुन्या बोटीनं मला दोन वर्षं फसवलं. त्यावर बरेच प्रश्न आले, म्हणून आजचा तास त्यालाच देऊ या.

बोट फायबरची, तीस फुटी, वय चाळीसच्या पुढे. मुंबई बंदरात मूरिंगवर असते. एक डोलकाठी, छोटं डिझेल इंजिन, आणि पोटाखाली बोल्टांनी आवळलेली बिडाची कील. कील म्हणजे ते जड पातं, वाऱ्यानं बोट कलली की तिला पुन्हा उभं करणारं. बोटीच्या तळाच्या खळग्याला आम्ही बिल्ज म्हणतो. त्या बिल्जमध्ये आठवड्याला एक बादली पाणी जमायचं. बस, एवढीच तक्रार.

आता जरा हिशेब करू. बादली दहा लिटरची धरा. म्हणजे दिवसाला दीड लिटरसुद्धा नाही, साधारण दर तीन सेकंदांना एक थेंब. याउलट, पाण्याच्या पातळीखाली फूटभर अंतरावर फक्त 1 मिलिमीटरचं आरपार भोक असेल, तर त्यातून दिवसाला शंभरेक लिटर पाणी आत येईल. म्हणजे आपण भोक शोधतच नाही आहोत. आपण शोधतोय पाझर. तो डोळ्यांना सहजी दिसत नाही.

त्यात भर म्हणजे पाणी दिसतं तिथून ते आलेलं नसतंच. घराचा स्लॅब गळतो तेव्हा डाग हॉलच्या छताला येतो आणि चीर असते गच्चीच्या भलत्याच कोपऱ्यात, तसंच हे. फायबरच्या बोटीला बऱ्याचदा आतून दुसरं अस्तर असतं. या दोन थरांमधून पाणी पार पुढून मागे येतं आणि सगळ्यात सखल जागी डोकं वर काढतं.

मग सुरुवात कुठून करायची? आधी पाण्याची जात ओळखा. जुने लोक चाखून बघायला सांगतात. बंदरातल्या बिल्जचं पाणी मी चाखणार नाही, तुम्हीही चाखू नका. घरी आरओ बसवलाय ना? त्याचं पाणी तपासायचं ते टीडीएस मीटर घेऊन जा. नळाचं किंवा पावसाचं पाणी असेल तर आकडा शेकड्यात किंवा त्याहून कमी. समुद्राचं पाणी पस्तीस हजारांच्या घरात, तिथं बहुतेक घरगुती मीटर हातच टेकतात. आकडा कमी आला तर गोड्या पाण्याची टाकी, डेकवरचे बोल्ट, डोलकाठीची जागा हे बघा. मीटर थकला तर पाणी खालून किंवा इंजिनच्या थंड पाण्याच्या नळीतून आलंय. मात्र पावसाळ्यात या परीक्षेवर फार विसंबू नका. वरून पाऊस, खालून खाडीचं पाणी, सगळी भेसळ होते.

मग वेळ बघायची. बिल्ज पार कोरडी करा, स्पंजनं, मग फडक्यानं. ऑटोमॅटिक पंप असेल तर रोज हजर राहून तो तात्पुरता बंद ठेवा, कारण तो पुरावा बाहेर फेकत असतो. आणि वहीत लिहा: नुसती उभी असताना किती, इंजिन चालवल्यावर किती, शीड लावून एका कुशीवर कलल्यावर किती. इंजिन चालू असतानाच पाणी वाढलं तर पंख्याच्या शाफ्टची ग्लँड किंवा इंजिनची पाण्याची लाइन. जुन्या पद्धतीची पॅकिंगवाली ग्लँड शाफ्ट फिरताना मिनिटाला दोन-चार थेंब टाकते. ते टाकायलाच हवेत, त्यानंच ती थंड राहते. पूर्ण बंद करायच्या हट्टानं नट आवळत गेलात तर शाफ्ट झिजेल. एकाच कुशीवर पाणी येत असेल तर डेक आणि बोटीचं अंग जुळतं तो सांधा बघा.

शेवटी जागा. इथे मला आपल्याकडच्या कटीबस्तीची आठवण होते. पाठीवर उडदाच्या पिठाचं आळं करून त्यात तेल धरतात ना? तसंच बिल्जमध्ये पुट्टीची किंवा मुलांच्या खेळातल्या मातीची छोटी छोटी आळी करायची. ग्लँडभोवती एक, प्रत्येक व्हॉल्व्हखाली एक, कीलच्या प्रत्येक बोल्टभोवती एक. मधल्या कोरड्या भागावर टाल्कम पावडर भुरभुरायची. नळ्यांच्या सांध्यांना टिश्यू पेपर गुंडाळायचा. दुसऱ्या दिवशी कुठलं आळं भरलं, पावडरीत कुठून ओघळ आला, ते बघायचं. फार कंटाळवाणं काम आहे, पण याच्याइतकं खात्रीचं मला दुसरं सापडलेलं नाही.

व्हॉल्व्हपाशी आहात तर ते नीट बघून घ्या. साधं पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. खाऱ्या पाण्यात जस्त निघून जातं आणि उरतं ते गुलाबी, ठिसूळ तांबं. खरवडल्यावर धातू गुलाबी दिसला तर तो व्हॉल्व्ह बदला, आज ठिबकत नसला तरी.

आता माझी फसगत. हे सगळं मी पहिल्या वर्षी केलंच नव्हतं. ग्लँडवर संशय होता, पॅकिंग बदललं, पाणी येतच राहिलं. मग कीलच्या सर्वांत मागच्या बोल्टाच्या नटाभोवती ओल दिसली. मी वरून भरपूर सीलंट थापलं. आणि पाणी थांबलं! दोन हंगाम बिल्ज कोरडी. मी खूश, मित्रांना सांगत सुटलो.

तिसऱ्या वर्षी रंगकामासाठी बोट क्रेननं वर काढली, तर कील आणि बोटीच्या सांध्याला पुढच्या टोकाशी बारीक वाकडी चीर. यार्डातल्या म्हाताऱ्या फिटरनं आत वाकून बघितलं आणि विचारलं, "साहेब, हे कोणी भरलं?"

म्हटलं, "मीच."

तो काही बोलला नाही. पाना आणायला गेला.

कील उतरवून बोल्ट बाहेर काढला. स्टेनलेस स्टीलचा, 20 मिलिमीटरचा. मधोमध तो जवळजवळ अर्धा उरला होता. कारण ऐका. स्टेनलेस स्टील गंजत नाही ते त्याच्या अंगावरच्या एका पातळ थरामुळे, आणि तो थर टिकायला प्राणवायू लागतो. अरुंद फटीत साचलेल्या खाऱ्या पाण्यात प्राणवायू संपतो, थर तुटतो, आणि धातू आतल्या आत खाल्ला जातो. पाणी बाहेरून येतच होतं. मी फक्त त्याची आत यायची वाट बुजवली आणि त्याला बोल्टाभोवती कोंडून ठेवलं.

हे किती गंभीर असू शकतं? मे 2014 मध्ये 'चीकी राफिकी' नावाची ब्रिटिश शिडाची बोट अँटिग्वाहून साउथॅम्प्टनला निघाली होती. बोट 2006 सालची, म्हणजे फार जुनी नव्हे. भर अटलांटिकमध्ये खलाशांनी कळवलं की बोटीत पाणी येतंय. नंतर बोट उलटी सापडली, कील गायब, जीवरक्षक तराफा आतच. चौघेही गेले. ब्रिटनच्या सागरी अपघात अन्वेषण शाखेनं अहवालात म्हटलं की पूर्वी तळ जमिनीला लागल्यानं आणि त्यानंतरच्या दुरुस्त्यांनी कीलची पकड कमकुवत झाली असावी.

तर दुरुस्ती. कीलजवळ पाझर असेल तर एकच मार्ग: बोट वर काढा, कील खाली उतरवा, सगळे बोल्ट बघा, सांधा साफ करून नव्यानं बसवा. खर्चिक आहे, मान्य. फायबरला चीर असेल तर ती बाहेरच्या बाजूनं, चांगला धातू-दगड लागेपर्यंत नव्हे, तर चांगलं फायबर लागेपर्यंत घासा. कड एकदम न सोडता, जाडीच्या बारापट रुंद उतार द्या. मग इपॉक्सी आणि काचेच्या कापडाचे थर. आतून लावलेल्या ठिगळाला बाहेरचं पाणी ढकलत राहतं, बाहेरच्या ठिगळाला तेच पाणी दाबून धरतं. आणि आधी वाळू द्या, आठवडे लागले तरी. आपल्याकडे हे काम नोव्हेंबर ते फेब्रुवारीतच करावं, दमट हवेत इपॉक्सीवर तेलकट साय येते आणि पुढचा थर धरत नाही.

(श्रोत्यांतून प्रश्न: मोठा ऑटोमॅटिक पंप बसवला तर नाही का भागणार?)

पंप हवाच, माझ्याकडेही आहे. पण त्याला मी एक काउंटर जोडलाय, पंप किती वेळा सुरू झाला ते मोजणारा. बोटीवर गेलो की आधी तो आकडा वहीत लिहितो. गेल्या महिन्यात तो शून्य होता, म्हणून मी बॅटरी तपासली. बॅटरी ठीक होती.