अटकेची वेळ कोणाच्या वहीत?

आमच्या तालुक्याच्या गावी काही वर्षांपूर्वी एका सोमवारी रात्री वस्तीतल्या एका पोराला पोलीस घेऊन गेले. वेळ नऊची. मोटारसायकल चोरीची चौकशी आहे, एवढेच सांगितले. त्याची आई माझ्या दारात आली; मी मास्तर, आणि मास्तराला कागदातले कळते अशी वस्तीची समजूत. आम्ही ठाण्यावर गेलो. ठाणे अंमलदार म्हणाला, "असा कोणी आणलेला नाही." मंगळवारी दुपारी तोच म्हणाला, "आहे, पण अटक नाही. चौकशीला बसवलाय." बुधवारी दुपारी बाराला पोराला कोर्टात उभे केले. तेव्हा कागदावर अटकेची वेळ होती मंगळवार रात्री साडेआठ. म्हणजे कायद्याच्या हिशेबाने तो साडेपंधरा तास पोलिसांकडे होता. मधले साडेतेवीस तास कुठल्याच वहीत नव्हते. पोराच्या तळपायावर मात्र ते होते. आणि ते तास होऊन गेले हे सांगायला आमच्याजवळ एक चिटोरा नव्हता.

तेव्हापासून मी अटकेच्या नोंदींच्या मागे लागलो. त्या कुठे असतात, कोणाला पाहता येतात, हे मला जसे उमगत गेले तसे इथे सांगतो.

चोवीस तासांच्या आत दंडाधिकाऱ्यापुढे हजर करण्याचा नियम फौजदारी संहितेत स्वातंत्र्यापूर्वीपासून होता. बाबासाहेबांनी १५ सप्टेंबर १९४९ रोजी घटना समितीत एक नवे कलम मांडले. तेच आजचे कलम २२. त्यामागचा त्यांचा युक्तिवाद ध्यानात घेण्यासारखा आहे. या तरतुदी आधीच्या कायद्यात आहेत हे त्यांनाही मान्य होते. पण साधा कायदा विधिमंडळ केव्हाही बदलू शकते. घटनेत गेल्यावर तसे करता येत नाही. अटकेची कारणे कळणे, आपल्या पसंतीचा वकील भेटणे आणि प्रवासाचा वेळ वगळून चोवीस तासांत कोर्ट दिसणे, या तीन गोष्टी तेव्हापासून मूलभूत हक्क आहेत. मात्र चोवीस तास मोजायचे कुठून, हे ठरते अटकेच्या वेळेवरून. आणि ती वेळ लिहिणारा हात पोलिसाचा असतो. सारी गोम इथे आहे.

हा हात बांधण्याचा पहिला मोठा प्रयत्न एका पत्रातून झाला. पश्चिम बंगालमध्ये कायदेविषयक साहाय्याचे काम करणाऱ्या डी. के. बसू यांनी १९८६ साली कोठडीतल्या मृत्यूंविषयी सरन्यायाधीशांना पत्र लिहिले. सर्वोच्च न्यायालयाने ते पत्र याचिका म्हणून घेतले आणि १८ डिसेंबर १९९६ रोजी निकाल दिला. अटकेच्या जागीच कागद करायचा, त्यावर तारीख आणि वेळ घालायची, घरच्या माणसाची किंवा त्या भागातल्या प्रतिष्ठित माणसाची साक्ष घ्यायची, अटक झालेल्याची सही घ्यायची, नातेवाइकाला कळवायचे, आणि या कागदांच्या प्रती दंडाधिकाऱ्याकडे पाठवायच्या. यातले बरेचसे पुढे कायद्यात आले. १ जुलै २०२४ पासून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली. तिच्यात हा अटकेचा कागद कलम ३६ मध्ये आहे आणि नातेवाइकाला कळवणे कलम ४८ मध्ये. (या 'प्रतिष्ठित' शब्दावर माझा राग आहे. आमच्या गावात तो शब्द उच्चारला की माणसे वाड्याकडे बघतात. कायद्यात तसे काही नाही. वस्तीतला शिक्षक चालतो, अंगणवाडीची बाई चालते, विहाराचा सेक्रेटरी चालतो.)

नागरिकाच्या कामाचे खरे कलम ३७ आहे. प्रत्येक जिल्ह्यात आणि प्रत्येक ठाण्यात एक अधिकारी नेमायचा, तो सहायक फौजदाराच्या हुद्द्याखालचा नसावा. त्याने अटक झालेल्यांची नावे, पत्ते आणि गुन्ह्याचे स्वरूप यांची माहिती ठेवायची. आणि ती ठाण्यात व जिल्ह्याच्या मुख्यालयात ठळकपणे लावायची, संगणकावर लावली तरी चालेल. म्हणजे ही माहिती उपकार म्हणून मागायची नाही. ठाण्यात गेल्यावर विचारायचे, "कलम ३७ चा फलक कुठे आहे? आणि ते काम कोणाकडे आहे?" मी पाहिलेल्या फलकांपैकी एकावर मागच्या महिन्याची तारीख होती आणि दुसऱ्यावर हरवलेल्या म्हशीचे पत्रक चिकटवले होते. फलक रिकामा असेल तर तसे अर्जात लिहावे. रिकामा फलकही एक माहितीच आहे.

फलकामागे ठाण्यात दोन वह्या असतात. एक स्टेशन डायरी. कोण आला, कोण गेला, कोणाला आणले, हे तीत वेळेनिशी आणि अनुक्रमाने चढते. म्हणून मागाहून घुसवणे अवघड. दुसरी तपासाची डायरी, म्हणजे केस डायरी. ती आरोपीलाही मागता येत नाही. कार्यकर्ते सरसकट "डायरी दाखवा" म्हणतात आणि अंमलदार केस डायरीचा नियम सांगून सगळ्यांना बाहेर काढतो. तेव्हा 'स्टेशन डायरीतील अमुक तारखेच्या नोंदी' असेच शब्द वापरावेत. त्या कोणी तिथल्या तिथे उघडून देणार नाही, पण माहितीच्या अधिकारात मागता येतात. दहा रुपयांचे कोर्ट फी तिकीट लावायचे. दारिद्र्यरेषेखालच्याला तेही नाही. महाराष्ट्राचा नियम एका अर्जात एकच विषय आणि दीडशे शब्द असा आहे. एरवी तीस दिवस लागतात, पण माणसाच्या जीविताचा किंवा स्वातंत्र्याचा प्रश्न असेल तर कलम ७(१) प्रमाणे अठ्ठेचाळीस तासांत उत्तर द्यावे लागते. हे वाक्य अर्जाच्या पहिल्याच ओळीत हवे. अर्ज शक्यतो आई, बाप, बायको यांच्या नावाने करावा; नोव्हेंबर २०२५ पासून व्यक्तिगत माहितीची अट कडक झाली आहे आणि तिऱ्हाइताला ती सांगून परत पाठवतात. "तपास चालू आहे" एवढे म्हणून नकार मिळाला तर अपील करा. माहिती दिल्याने तपासात अडथळा कसा येईल हे दाखवावे लागते, असे दिल्ली उच्च न्यायालयाने २००७ सालीच म्हटले आहे.

ठाण्याने तोंड फिरवले तर कोर्टाकडे वळावे. तक्रारीचा गुन्हा रजिस्टर नंबर मिळाला की अर्धे काम झाले. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या आदेशाप्रमाणे, लैंगिक अत्याचारासारखे नाजूक गुन्हे वगळता, एफआयआर चोवीस तासांत पोलिसांच्या संकेतस्थळावर चढवायचा असतो. अडचण असेल तर जास्तीत जास्त बहात्तर तासांत. तो नंबर, ठाणे आणि वर्ष घालून ई-कोर्ट्सवर खटला शोधता येतो. शिवाय रिमांडच्या वेळी अटकेचा कागद कोर्टाच्या फायलीत जातो. वकिलामार्फत त्याची नक्कल मागता येते. ६ नोव्हेंबर २०२५ च्या निकालाने, महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात, अटकेची कारणे त्या माणसाला समजेल अशा भाषेत लेखी देणे सर्व गुन्ह्यांत बंधनकारक झाले. लगेच शक्य नसेल तर निदान कोर्टापुढे नेण्याच्या दोन तास आधी. तो कागद हातात नसेल तर हे पहिल्याच रिमांडला बोलले पाहिजे.

एक फसगत सांगतो. जयंती, मोर्चा किंवा मंत्र्याचा दौरा आला की पोरांना प्रतिबंधक म्हणून उचलतात. पूर्वीचे १५१, आताचे कलम १७०. त्यात एफआयआर नसतो, म्हणून संकेतस्थळावरही काही दिसत नाही आणि माणूस जणू हवेत विरतो. असा माणूस तहसील कचेरीत, कार्यकारी दंडाधिकाऱ्यापुढे शोधावा; शहरात सहायक पोलीस आयुक्तांच्या कचेरीत.

हीच वही उलट बाजूनेही वाचायची असते. अत्याचाराची फिर्याद आपली असते तेव्हा प्रश्न असतो, कोणाला अटक झालेली नाही? एफआयआरमध्ये अकरा नावे आणि फलकावर दोन, हा फरक मांडला की बोलणे बदलते. अत्याचार प्रतिबंधक कायद्याच्या कलम १५अ प्रमाणे जामिनासह प्रत्येक कामकाजाची वेळेवर सूचना मिळण्याचा पीडिताला हक्क आहे, आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या दक्षता समितीत हे आकडे ठेवता येतात. अटक झाली नाही म्हणजे फौजदार विकला गेला असेच नव्हे. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात नोटीस देऊन सोडण्याची वाट कायद्यात आहे. पण मग ती नोटीस दाखवा, असे म्हणता येते.

आणि या वहीचे भयही मला वाटते. १८७१ च्या कायद्याने अख्ख्या जमाती जन्मतःच रजिस्टरात चढवल्या; १९५२ साली तो कायदा गेला, पण ठाण्याच्या डोक्यातले रजिस्टर गेले नाही. चोरी झाली की अजून पारध्याच्या पालावर गाडी जाते. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सुकन्या शांता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगाच्या नोंदवह्यांतला जातीचा रकाना काढायला सांगितला आणि विमुक्त जमातींच्या मनमानी अटकेविरुद्ध बजावले. म्हणून फलकावरची नावे आपण मोबाइलवर फिरवू नयेत. अटक म्हणजे गुन्हा शाबीत नव्हे, आणि नाव वाचून जात ओळखणारे आपल्या देशात पुष्कळ आहेत.

परभणीत डिसेंबर २०२४ मध्ये घटनेच्या प्रतिकृतीची विटंबना झाली, आंदोलन पेटले, धरपकड झाली, आणि कायद्याचा विद्यार्थी असलेला सोमनाथ सूर्यवंशी १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत मरण पावला. गुन्हा नोंदवा, असा आदेश उच्च न्यायालयाकडून मिळवायला त्याच्या आईला जुलै २०२५ उजाडला. अशा लढाईत कोण, कुठे, किती वाजता हेच आधी लागते.

पूर्वीचे कार्यकर्ते अशा वेळी तार करीत. तारेवर वेळ छापून येई. २०१३ साली तार बंद झाली. आता आम्ही असे करतो. माणूस नेला की लगेच ११२ ला फोन. फोनची वेळ राहते. मग अधीक्षकांना चार ओळींचा ई-मेल. मग ठाण्यात दोन प्रतींत अर्ज: "माझा मुलगा अमुक यास आज रात्री ९ वाजता घरून नेले आहे. तो कोठे आहे ते कळावे." एका प्रतीवर पोच आणि शिक्का. घेतला नाही तर सकाळी स्पीड पोस्ट. त्याच अर्जात ठाण्याच्या कॅमेऱ्यांचे त्या रात्रीचे चित्रण जपून ठेवा, असेही लिहितो. २०२० च्या निकालाप्रमाणे ते अठरा महिने आणि निदान वर्षभर ठेवायचे असते.

गेल्या पावसाळ्यात वस्तीतून आणखी एकाला नेले. आईने अर्ज दिला, अंमलदाराने पंधरा मिनिटे कुरकुर करून शिक्का मारला: रात्री १०.४०. अटकेच्या कागदावर वेळ आली रात्री ९.५५. मी तो कागद दोनदा वाचला. विहारात आता दोनशे पानी वही ठेवली आहे, सुतळीने पेन बांधून. आतापर्यंत तिची सात पाने भरली आहेत.